हार्डवुड जिंकलं

आमच्या घरात जमिनीवरून डिबेट झालं आणि ते मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्यानंतर झालं.

२०२१चा जून, सिडनीतल्या गिरावीनमधलं आमचं घर. मी इयर टेनला. त्याच टर्मला मला शाळेच्या डिबेटिंग टीममध्ये घेतलं होतं आणि मी अशी काही फॉर्मात होते की टूथपेस्ट कुठली आणायची यावरसुद्धा तीन मुद्दे मांडायचे. त्याआधी दोन वर्षं मी हजेरीलाही पुटपुटायचे, त्यामुळे घरात मला कुणी थांबवत नव्हतं.

लाँग वीकेंडला बाबांनी यूट्यूब बघून घरभरचं कार्पेट उपटलं. नानांसाठी. नाना म्हणजे बाबांचे वडील. डिसेंबर २०१९मध्ये नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले आणि बॉर्डर बंद झाली तेव्हा इथेच अडकले. माई, म्हणजे आजी, गुडघ्याचं ऑपरेशन आटपून एप्रिलमध्ये यायची होती. ती तिकडेच राहिली, भास्करकाकाकडे. नानांना दमा. कार्पेटच्या धुळीने खोकला यायचा, आणि पुसता येत नाही अशा जमिनीवर माणसं राहतात कशी, हे त्यांना दीड वर्षात कुणीही समजावू शकलं नव्हतं.

"यतिन, नवीन काय घालायचं ते ठरवून मग जुनं काढतात," आई म्हणाली. तोवर कार्पेटच्या गुंडाळ्या बाहेर कचऱ्याच्या गाडीची वाट बघत होत्या. घरात राहिला नुसता काँक्रीटचा स्लॅब. राखाडी, खडबडीत, गार.

आईला लॅमिनेट हवं होतं, बाबांना हार्डवुड. दहा दिवस तेच चाललं. शेवटी मी म्हटलं, प्रॉपर डिबेट करू. बाबांच्या बाजूने मी बोलणार. नाना टाइमकीपर, हातात वाटी-चमचा. ते जजही, कारण जमीन त्यांच्यासाठीच होती.

आई उभीसुद्धा राहिली नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, "लॅमिनेट दुकानात पडलंय. शनिवारी माणूस येईल, संध्याकाळपर्यंत घालून जाईल. थंडी सुरू झालीय. संपलं माझं."

नानांनी वाटी वाजवली. मी उठले.

"लॅमिनेट म्हणजे लाकूड नाही. लाकडाचा फोटो. भुशाच्या पाटीवर चिकटवलेला फोटो. आई म्हणते हार्डवुडला वेळ लागतो. लागतो. फळ्या आणून आधी दोन आठवडे घरात ठेवायच्या, त्यांना इथली हवा लागू द्यायची, मग बसवायच्या. पण नाना, माईला तुम्ही दीड वर्ष फोनवरच बघताय. ती खरी यायची तर थांबायचं, की फोटोवर भागवायचं?"

बाबांनी टाळ्या वाजवल्या. आई लाटणं माझ्याकडे रोखून म्हणाली, "भामटी आहेस तू." नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"ओवीला दिला," ते म्हणाले. "थांबू आपण."

फळ्यांचे अठ्ठावीस खोके हॉलमध्ये येऊन पडले आणि तीन दिवसांत सिडनी बंद झालं. मग बांधकामं बंद झाली. मग आमचा सबर्ब अशा यादीत गेला की कुणी आत येऊ शकत नव्हतं आणि आम्ही बाहेर जाऊ शकत नव्हतो. फळ्या बसवणारा माणूस फोनवर म्हणाला, "सॉरी मेट, ऑगस्टमध्ये बघू." आम्ही दोन-दोन मोजे घालून स्लॅबवर फिरत होतो आणि मी त्यातही जोक मारत होते.

जुलैमधल्या एका मंगळवारी सकाळी भास्करकाकाचा फोन आला. माई कोविडमधून उठली होती, घरी आली होती, चहा मागितला होता. चहा येईपर्यंत गेली.

विमान नव्हतं. अग्नी काकाने दिला, तो नानांनी फोनवर बघितला. मधेच स्क्रीन अडकली. ते तशाच अडकलेल्या स्क्रीनकडे बघत बसले. मग आंघोळ केली, खोलीत गेले आणि पलंगावरची गादी उचलून भिंतीला लावून ठेवली.

सुतकात दहा दिवस गादी-पलंग नसतो. जमिनीवर चटई घालून झोपायचं. नाशिकच्या घरात ते काही वाटत नसेल. आमच्याकडे जमीनच नव्हती.

"नाना, इथं चालतं," आई म्हणाली. "देवाला कळतं हो."

"दीप्ती, भास्कर तिकडे चटईवर झोपलाय. तिच्यासाठी मला इथून दुसरं काय करता येतंय?"

 

आईने चटईखाली गोधडी सारली. ती सकाळी घडी करून बाहेर ठेवलेली. माझी योगा मॅट तेवढी नानांनी राहू दिली. हीटरने हवा तापायची, स्लॅब तसाच. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला.

चौथ्या दिवशी मी ऑनलाइन क्लास बंद केला, कात्री घेतली आणि एक खोका फोडला. फळ्या नानांच्या खोलीत नेऊन स्लॅबवर नुसत्याच एकीला एक लावून मांडल्या. बाबा दारात आले. "ओवी, अशा नाही बसवत गं. खाली ग्लू लागतो."

"मला बसवायच्या नाहीयेत. नानांना ठेवायचंय त्यांच्यावर."

मग तेही गुडघ्यावर बसले. सहा बाय तीन फुटांचा तुकडा झाला. नाना त्यावर चटई टाकून आडवे झाले तर फळ्या हलल्या, करकरल्या.

"कुठलं झाड?"

"स्पॉटेड गम. इथलंच आहे."

"छान आहे," ते म्हणाले. तेवढं बोलून त्यांना धाप लागली.

सहाव्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. कोविड निगेटिव्ह, न्यूमोनिया. कुणालाही सोबत जाऊ दिलं नाही. बाबा गेटवर उभे राहून "कुणाची चूक नाही, कुणाची चूक नाही" म्हणत होते. मला कुणी काही म्हटलं नव्हतं. आईनेही नाही, आणि तिच्या मनात तो लॅमिनेटचा शनिवार नव्हता असं होणार नाही.

आठव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलचा व्हिडिओ कॉल आला. नर्स म्हणाली, पेशंट काहीतरी मागतायत, आम्हाला भाषा कळत नाही. बाबांनी नानांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बघितला आणि फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. तुला जमतं." ते मागच्या अंगणात गेले. आई आत दुसऱ्या फोनवर काकाशी बोलत होती.

"ओवी," नानांचा आवाज मास्कमधून येत होता. "त्यांना सांग, मला खाली ठेवा म्हणावं."

"कशाला, नाना?"

"आज आठवा ना? दोनच राहिलेत."

"व्हॉट्स ही सेइंग, डार्लिंग?" नर्सने विचारलं.

मला सांगता आलं असतं. आमची पद्धत काय, किती दिवस, का, सगळं दीड मिनिटात. कदाचित ती डॉक्टरांना विचारून आली असती. पण मला त्या खोलीची जमीन दिसत होती. पांढरी, चकचकीत, ओली पुसलेली.

"ही इज कोल्ड," मी म्हणाले. "कॅन ही हॅव अनदर ब्लँकेट?"

"नो वरीज."

दीड वर्षात नानांना एवढं इंग्लिश कळायला लागलं होतं. नर्स ब्लँकेट घालत होती तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले.

नवव्या दिवशी सकाळी नाना गेले. पलंगावर.

दुपारी बाबांनी त्यांच्या खोलीतली चटई झटकली आणि त्या सुट्या फळ्यांवर स्वतःसाठी घातली. बसले. एक फळी सरकली, ती हाताने परत लावली.

"काल तुझ्याशी काय बोलले गं?"

"थंडी वाजतेय म्हणाले."

"मग दिलं का त्यांनी काही?"

"दिलं," मी म्हणाले. "लगेच दिलं."