पाचव्या ओळीपासून पुढे

मित्रांनो, मी एक जुनं पत्र आहे, आणि पहिल्या चार ओळी सोडल्या तर सपशेल खोटारडं आहे.

जन्माने मी साबणाच्या खोक्यातला कागद. युद्धकैद्यांच्या छावणीत साबण संपला, मी उरलो. बराकीतल्या एका सैनिकाने मला गुडघ्यावर घेतलं. लढाईआधी तो सुतार होता. लाकडावर खूण करावी तशी पेन्सिल दाबायचा. अक्षरं माझ्या पाठीवर उमटून वर आली.

"आई, इथे थंडी फार. खोकला जात नाही. तुझ्या दाराची कडी मोडकीच राहिली. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस, मीच येऊन बसवीन."

चार ओळी झाल्या आणि ढास लागली. "पत्र तेवढं जाऊ दे," एवढं तो शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याला म्हणाला. दोन दिवसांनी हजेरीत त्याच्या नावाला कुणी 'हजर' म्हणालं नाही. छावणीने घरी काही कळवलंही नाही.

शिंपी हलक्या हाताचा आणि पक्का थापाड्या. "असं अर्धवट कसं पाठवू तुला?" असं मलाच विचारून त्याने उरलेलं पान भरलं. इथले बटाटे एवढे मोठे, की एक ढकलायला चौघे लागतात. पहारेकऱ्याच्या मिशा गोठून इतक्या कडक झाल्यात, की हसला तर मोडतील, म्हणून बिचारा हसतच नाही. खोकला गेला. वजन वाढलं.

मी गुमान सगळं अंगावर घेतलं.

घरी आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने वाचून दाखवलं. पाचव्या ओळीला अक्षर बदललेलं बघून तो अडखळला.

"का रे थांबलास?"

"चष्मा, मावशी. धुरकटलाय मेला." आणि वाचत सुटला.

बटाट्यांना आई हसली. "हा कधीपासून एवढा गमत्या झाला?"

मग रोज ती मला उलटं करून पाठीवरून बोट फिरवायची. चार ओळी बोटाला लागायच्या. पुढे सगळं गुळगुळीत. बोट तिथे थांबायचं, मागे फिरायचं. ती दाराला दोरी बांधून राहिली. कडी बसवून देतो म्हणणाऱ्याला सांगायची, "माझा सुतार येतोय."

युद्ध संपलं. एके दुपारी तिने दोरी सोडली, तर दारात शिंपी. "तुमच्या मुलाच्या बराकीतला," एवढं म्हणाला. आईने मला त्याच्या हाती दिलं.

"वाच रे."

पहिल्या चार ओळी त्याने बोट ठेवून, अडखळत वाचल्या. पाचवीपासून मात्र घडाघडा, खिडकीकडे बघत.

आईने त्याचं बोट धरून माझ्या पाठीवर टेकवलं, चौथी ओळ संपते तिथे.

"इथून पुढे तू ना?"

त्याने मान डोलावली.

"त्याला बटाटे आवडायचे नाहीत," ती म्हणाली. मला त्याच्या हातातून घेत पुढे म्हणाली, "मिशांचं मात्र झकास जमलं होतं हो." मग दाराकडे बघून, "उद्या कुणाला तरी बोलाव. कडी बसवून घेऊ."

मित्रांनो, कडी बसली. आईही गेली. पण वाऱ्याने कडी वाजली की माझ्या चार ओळी अजून ताठ होतात. मला कधी उलगडलंत, तर इस्त्री फिरवू नका, जाड पुस्तकाखाली दाबू नका. अक्षरं पुसली तरी चालेल, पाठीवरचे उंचवटे तेवढे राहू द्या. सुतार तेवढाच उरलाय.