टॅगवरची ताई

थोरली जाऊन वर्ष होत आलं, तरी कारखान्यातून निघणाऱ्या सदऱ्यांच्या गळ्याशी ती अजून हसत होती. कंपनीनं टूमच काढली होती: शिवणारीचा फोटो टॅगवर छापायचा, म्हणजे कपडा कुणाच्या हातचा ते गिऱ्हाइकाला कळेल. थोरलीचा फोटो झकास आला, टॅगांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून झाले, आणि मग आग लागली. धाकटी पुढच्या दारानं निसटली. थोरली मागच्या दाराकडे धावली. माल चोरीला जाऊ नये म्हणून त्याला बाहेरून कुलूप असायचं.

"छापलेले टॅग काय चुलीत घालू?" मुकादम तेव्हा म्हणाला होता. जिभेला काही हाड!

धाकटी आता थोरलीच्याच मशीनवर बसायची. दोघी बहिणी एकाच साच्यातल्या. थोरली दोरा दातानं तोडायची, म्हणून धाकटी तिला उंदीर म्हणून चिडवायची. हल्ली धाकटीच्या ढिगातल्या सदऱ्यांवर तशीच चावलेली, ओलसर टोकं सापडायची. आपण तर कात्री वापरतो! सांगणार कुणाला? वेड्यात काढतील.

त्या सकाळी मुकादम लाडीगोडी लावत आला.

"कंपनीच्या तपासणीसबाई यायच्यात. टॅगवरची बाई भेटवा म्हणतात. तू नुसती हस आणि 'मीच ती' म्हण. नाहीतर उद्यापासून घरी बस. मग आईचं औषधपाणी कोण बघणार?"

"बरं," धाकटी म्हणाली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

बाई आल्या. टॅग तिच्या गालाशी धरून म्हणाल्या, "तूच ना गं ही?"

उत्तर टाळायला धाकटीनं मान खाली घातली, शिवण संपवली, दोरा तोडला. कात्री टेबलावर जागच्या जागी होती. दोऱ्याचं टोक तिच्या दातांत होतं.

तिला भडभडून आलं. आज 'मीच ती' म्हटलं, तर थोरली मेलीच नाही. मग ती कशानं मेली, हे कोण विचारणार?

"मी नाही. ही माझी ताई. आगीत त्या मागच्या दाराशी गेली."

"खुळावलीय हो पोर, मनावर घेऊ नका," मुकादम घाईघाईनं म्हणाला.

बाई ऐकायला थांबल्याच नाहीत. मागच्या दाराशी रचलेली खोकी सरकवून त्यांनी ते ढकललं, मग खांदा लावला. दार ढिम्म हललं नाही. एकेक मशीन थांबत गेलं.

"किल्ली कुठाय?" बाई ओरडल्या.

मुकादम खिसे चाचपू लागला.

"ताईपण हेच ओरडत होती," धाकटी म्हणाली.