कॅबिनेटचा पोचा

"हे ग्राफिक्स कार्ड यात मावणार नाही," कॉम्प्युटरचा उघडा डबा थोरलीकडे वळवत दुकानदार म्हणाला.

"मावणार नाही म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, या कार्डाशिवाय गेम धड चालणार नाही?"

"म्हणालो. अजूनही म्हणतो. चालणारही नाही आणि मावणारही नाही." माणूस कामात पक्का होता, पण जिभेला गोडवा म्हणून नव्हता. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं कॅबिनेटच्या पुढच्या पत्र्यावर टकटक केलं. "हा पोचा बघा केवढा आत आलाय. कार्ड लांब आहे, त्याचं नाक इथं आपटतं. गाडीखाली सापडला होता का हो डबा?"

"जिन्यावरून पडला."

पडला! पडतोय कसला, फेकला होता. पण आपल्या बापानं आपल्या भावाचा कॉम्प्युटर जिन्यावरून भिरकावला, हे काउंटरवर उभं राहून कुणी सांगतं का?

दोन वर्षं झाली त्याला. बारक्याची परीक्षा बुडाली होती, रात्रंदिवस गेम खेळून बुडाली होती, आणि बाबांचा पारा असा चढला की त्यांनी तारांसकट कॅबिनेट उचललं आणि दिलं खाली सोडून. बारक्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानं वरून वाकून त्या डब्याकडे पाहिलं, चपला घातल्या, डबा ओलांडला आणि गेला. फोन नंबर बदलला. जिवंत आहे, कुठंतरी नोकरी करतो, एवढं एका मित्राकडून कळलं होतं, आणि मग तो मित्रही फोन उचलेनासा झाला. कॅबिनेट आईनं उचलून आणलं, पुसलं आणि पलंगाखाली ठेवलं.

आणि आता ही आई हटून बसली होती. हृदयाची झडप बदलायची, उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता पुढे ढकलणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि बाईसाहेब म्हणतात, "बारक्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही. परत उठले नाही तर?" समजावून झालं, रडून झालं, ओरडून झालं. आईनं कागदावर सही केली नाही ती नाहीच.

शोधायचा कुठं त्याला? थोरलीनं डोकं फोडून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं, तेवढ्यात बसथांब्यावर ती जाहिरात दिसली. काळा समुद्र, त्यात एक दीपगृह. हाच तो गेम! कॉलेजात असल्यापासून बारक्या याची वाट बघत होता. "ताई, हा आला ना, की मला कुठं शोधू नका," म्हणायचा. "पहिल्या दिवशी मी त्या दीपगृहाच्या माथ्यावर. लढाया मागनं. आधी वर बसून समुद्र बघणार." त्यावर थोरलीनं त्याला टपली मारली होती.

तो गेम आज दुपारी सुरू व्हायचा होता.

म्हणून ती रजा टाकून आली होती. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं तिचं काम. दिवसभर लोकांना विचारायचं, "हे नीट दिसतंय की हे?" आज दुकानदार तिलाच विचारत होता आणि तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. प्रोसेसर जुना आहे पण ओढेल. रॅम वाढवावी लागेल. पॉवर सप्लाय बदला, नाहीतर ऐन रंगात आल्यावर फट्कन बंद पडेल. इथवर तिनं सगळ्याला मान डोलावली होती. गेमसुद्धा दुकानातच उतरवून घेतला होता.

"छोटं कार्ड टाका ना मग," ती म्हणाली.

"छोट्या कार्डावर हा गेम पावलापावलाला अडकतो."

"मग डबाच नवीन द्या."

"या मापाचा परवा येईल."

"परवा नको हो!" तिचा आवाज इतका चढला की शेजारी हेडफोन बघणारा माणूस दचकला. "परवा काय करू मी त्याचं? उद्या सकाळी माझ्या आईला ऑपरेशनला न्यायचंय!"

ऑपरेशनचा आणि ग्राफिक्स कार्डाचा काय संबंध, हे दुकानदाराला कळणं शक्यच नव्हतं. पण त्यानं विचारलं नाही. कार्ड पुन्हा खोक्यात घातलं, ते बसवायची खाच तिला दाखवली, कुठला जोड कुठं लावायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "बाकी सगळं मी बसवून देतो. हा पत्रा तेवढा सरळ करून घ्या. गाड्यांचे पोचे काढतात ना, तसल्या माणसाकडे जा. असेल कुणी तुमच्या ओळखीचा."

ओळखीचा! थोरलीला हसावं की रडावं कळेना.

तिचे बाबा आयुष्यभर तेच करत आले होते. ठोकलेल्या, चेपलेल्या, खांबावर घातलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या आणि बाबा आतून लाकडी ठोकळा धरून, बाहेरून हातोडीचे हलके टोले देत पत्रा असा आणायचे की मालकालाही जागा सापडू नये. घरातल्या पलंगाखालच्या पोच्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्या बाजूला झाडूसुद्धा ते मारत नसत.

गॅरेजमध्ये बाबा एका गाडीच्या दाराशी बसले होते. थोरलीनं कॅबिनेट त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि नजर वळवली.

"हे इथं कशाला आणलंस?"

"पोचा काढायचाय."

"मला वेळ नाही."

"बाबा, आजचा दिवस नाही म्हणू नका. पाया पडते तुमच्या." आणि मग तिनं सगळं सांगितलं. दीपगृह, गेम, कार्ड, सगळं एका दमात. सांगताना तिलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं. कुठल्या खोट्या समुद्रावरच्या खोट्या दीपगृहात भाऊ सापडणार म्हणे!

बाबांनी हातातली हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "तो असेल तिथं?"

"माहीत नाही."

"असला तरी बोलेल?"

"माहीत नाही हो बाबा! मला काहीच माहीत नाही. पण दुसरा रस्ताच उरलेला नाही."

बाबांनी हात पुसले. आतले भाग त्यांनी थोरलीकडून काढून घेतले, एकेक करून कपड्यावर मांडले. ठोकळा आतून लावला आणि पहिला टोला दिला. तो पत्र्याला लागलाच नाही, ठोकळ्याच्या कडेला लागून घसरला. सगळ्या गावाच्या गाड्या सरळ करणाऱ्या माणसाचा टोला चुकला होता. थोरलीनं मान फिरवली. अशा वेळी बापाकडे बघू नये, एवढं तिला समजत होतं. पुढचे टोले नीट पडत गेले.

"रंग उडालाय," शेवटी ते म्हणाले. "रंग द्यायला पाहिजे."

"रंग राहू द्या बाबा, वेळ नाही."

घरी येऊन तिनं दुकानदारानं दाखवल्याप्रमाणे सगळे भाग परत बसवले, कार्ड खाचेत दाबलं. कट् आवाज आला. मावलं! पडद्याची केबल, माउस, कीबोर्ड, सगळं तिनं टेबलामागे वाकून भराभर खुपसलं. पूर्वी बारक्या तिला या कामाला हातच लावू द्यायचा नाही. "ताई, तू फक्त बॅटरी धर," म्हणायचा. आज बॅटरी धरून बाबा उभे होते. पलीकडच्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

गेम सुरू झाला. सुरू झाला म्हणायचं, झालं! पडद्यावर बंदर दिसलं आणि गोठलं. थोरलीनं बटण दाबलं. काही नाही. मग तिचं पात्र एकदम उडी मारल्यासारखं पुढे जाऊन एका पिंपावर आदळलं आणि तिथंच थिजलं. चार माणसं चालायला गेली तर चार फोटो एकामागून एक दिसत होते. दुकानदार तर म्हणाला होता की लोण्यासारखा चालेल!

"असाच असतो का गेम?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. काहीतरी चुकलंय. माझंच काहीतरी चुकलंय."

पण थांबायला वेळ कुठं होता? दुपार उलटून गेली होती. ती तशीच धडपडत दीपगृहाकडे निघाली. पायऱ्यांवरून घसरली, परत चढली, समुद्रात पडली, परत बंदरावरून सुरुवात केली. अखेर एकदाची माथ्यावर पोचली तेव्हा तिथं कठड्याशी पाचसहा पात्रं उभी होती. कुणी नाचत होतं, कुणी उड्या मारत होतं. एक पिवळ्या कोटातलं पात्र कठड्यावर पाय सोडून बसलं होतं.

तिनं लिहिलं, "बारक्या, आहेस का इथं? मी ताई."

कुणी वळलं नाही. एक जण तिच्या डोक्यावरून उडी मारून गेला. तिनं परत लिहिलं, "बारक्या, बोल ना रे." परत लिहिलं. नाचणारे निघून गेले, नवे आले, त्यांनी परक्या भाषेत काहीबाही लिहिलं. पिवळा कोट हलला नाही. खुर्ची तशीच सोडून कुणी चहाला गेलेला असेल. कुणीही असेल. लाखो लोक आज इथं आले असतील आणि ही बया एका दीपगृहावर उभी राहून घरातल्या नावानं हाका मारतेय!

तिला हुंदका आवरेना. कुणाला म्हणून नाही, नुसतं तिनं लिहून टाकलं, "एवढं मोठं कार्ड टाकलं तरी अडकतंय. मला नाही जमत."

पडदा गोठला. मग हलला. खाली एक ओळ आली होती.

"केबल पुन्हा वरच्याच भोकात घातलीस ना?"

थोरलीचा हात तोंडावर गेला. पुन्हा! पहिल्यांदा त्यानं कॉम्प्युटर जोडला तेव्हा तिनं हौसेनं पडद्याची केबल वरच्या, मदरबोर्डच्या भोकात खुपसली होती, खाली नवंकोरं कार्ड नुसतंच बसून होतं, आणि बारक्यानं दिवसभर कंपनीला शिव्या घातल्या होत्या. हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा, तो आहे!" ती किंचाळली आणि धडाधड लिहू लागली. "आईचं उद्या ऑपरेशन आहे. हृदयाचं. तुझा आवाज ऐकल्याशिवाय जात नाही म्हणते. सही करत नाही. तू बोल तिच्याशी."

पडदा अडखळला. मग आलं, "कॅबिनेट कुठलं वापरतेस?"

हा काय प्रश्न झाला? "तुझंच."

"खोटं. त्यात हे कार्ड मावणार नाही. पोचा आहे त्याला."

"बाबांनी काढला," तिनं लिहिलं. "आज."

मागे बाबांच्या हातातल्या बॅटरीचा झोत भिंतीवर हलत होता. पिवळ्या कोटानं कठड्यावरून पाय आत घेतले. तो उभा राहिला.

"केबल बदल ताई. तुला असं अडखळताना बघवत नाही."

"नको. पडदा बंद होईल. तू जाशील."

"बदल."

"बारक्या, जाऊ नको."

पडदा पार गोठला होता, आता काही केल्या हलेना. दुसरा उपायच नव्हता. ती टेबलामागे वाकली, केबल ओढली, पडदा काळा झाला. चाचपडत तिनं खालचं भोक शोधलं, केबल घातली, कॉम्प्युटर बंद करून परत लावला. ओठ दाताखाली दाबून ती बसली होती.

गेम उघडला. आणि काय दिसलं म्हणून सांगू! समुद्र हलत होता, लाटेमागून लाट येत होती, कठड्याच्या दगडावरची ओल दिसत होती. सगळं लख्ख होतं. पिवळा कोट तेवढा नव्हता. तिनं चहूकडे वळून पाहिलं, खाली पाहिलं, पायऱ्यांवर पाहिलं. दीपगृहावर कुणीच नव्हतं.

"गेला," ती म्हणाली. तिनं डोकं टेबलावर टाकलं. "गेला हो बाबा. मीच घालवला त्याला."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात बाबांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढून पाहिला. अनोळखी नंबर. त्यांनी फोन थोरलीपुढे धरला. तिनं त्या नंबराकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. या फोनवर कधी तिच्यासाठी कुणाचा फोन येत नसे, आईसाठीही नाही.

"तुमचा आहे. तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

बाबांनी फोन कानाला लावला. हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत. पलीकडचा आवाज थोरलीलाही अगदी स्वच्छ ऐकू आला.

"बाबा? आई जागी आहे?"

बाबांनी मान हलवली. हो म्हणून हलवली, परत हलवली, हलवतच राहिले. डोळ्यांतून पाणी गळून शर्टावर पडत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तशीच मान हलवत, फोन कानाशी घट्ट धरून ते आईच्या खोलीकडे चालू लागले.

"बाबा, बोला ना हो," थोरली मागून म्हणाली. "मान हलवलेली त्याला दिसत नाही."