रिकाम्या पोटी

"काकू, खरं सांगा. मी रागावणार नाही. गोळी मधे मधे चुकते ना?"

"नाही चुकत."

"रोज घेता?"

"रोज."

"रिकाम्या पोटी?"

"रिकाम्या पोटीच."

डॉक्टरबाईंनी मान वळवली आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सुनेकडे, नॅन्सीकडे पाहिलं. क्लाराला हे नवं नव्हतं. साठी ओलांडली की माणसाच्या तोंडचं उत्तर लोक शेजारच्या खुर्चीत शोधतात.

"मी शाळेत जायच्या घाईत असते, डॉक्टर," नॅन्सी म्हणाली. "वर्ग सातला भरतो. बघत नाही मी. पण पाकिटं संपतात."

"पाकिटं संपली म्हणजे पोटात गेली असं नाही."

क्लाराने पदर खांद्यावर ओढून घेतला. बाहेर लोक घामाने निथळत होते आणि तिला क्लिनिकच्या पंख्याचीसुद्धा थंडी वाजत होती. पाय सुजलेले. आवाज असा बसलेला की फोनवर बहिणीने विचारलं होतं, कोण, प्लासिड भावजी का?

डॉक्टरबाई समजवायला लागल्या. बाई वाईट नव्हत्या. "हे बघा, गळ्यातली ग्रंथी आळशी झाली की मेंदू तिच्यावर ओरडतो. हा टीएसएच म्हणजे ते ओरडणं. आकडा मोठा, म्हणजे ओरडणं मोठं. आपण गोळी पन्नासची पंचाहत्तर केली. आकडा खाली यायला हवा होता. अकरावरून चौदावर गेला. म्हणजे काकू..."

म्हणजे काय, ते त्यांनी हवेतच सोडलं. गोळी शंभरची केली.

*

१४.६

डॉक्टरांच्या मते: चुकवते.
नॅन्सीच्या मते: विसरते.
मुलाच्या, जॉयलच्या मते (मोबाइलमध्ये बघून): लॅबच बोगस आहे.
नवऱ्याच्या, प्लासिडच्या मते: जेवायला वाढा.
क्लाराच्या मते:

ही ओळ रिकामी आहे, कारण तिला कुणी विचारलं नाही.

*

विचारलं असतं तर तिने एक सकाळ सांगितली असती. कुठलीही. सगळ्या सारख्याच.

निर्मळ गावातल्या त्या घरात सगळ्यात आधी ती उठते. तोंड धुते, चूळ भरते आणि शेवटचा थेंबसुद्धा थुंकून टाकते. साडी नेसून चर्चमध्ये सहाच्या मिस्साला चालत जाते. उपाशीपोटी ख्रिस्तप्रसाद घेते. परत येताना चाफ्याच्या कळ्यांवर नजर टाकते. घरी प्लासिडने चहा करून ठेवलेला असतो, एसटीत कंडक्टर होता तेव्हापासून चहा त्याच्याकडे. मग क्लारा थायरॉइडची गोळी जिभेवर ठेवते, दुधाच्या चहाचा घोट घेते, पाव बुडवते, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची जाडी गोळीही त्याच कपाबरोबर उतरवते. एकदा बसलं की दोन्ही कामं उरकतात.

पहिल्या घोटापर्यंत तिच्या पोटात काही नसतं. याहून रिकामं पोट कसं असतं?

लॅबचा मुलगा रक्त न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं होतं, "आजी, उपाशी आहात ना?"

"मी उपाशीच असते रे," ती म्हणाली होती. तो हसला होता. त्याला वाटलं सासूबाई सुनेची चहाडी करताहेत.

*

"मम्मी, तोंड उघडा."

शंभरच्या गोळीपासून नॅन्सीने हे सुरू केलं. पहाटे, क्लारा चर्चला निघायच्या आत. स्वयंपाकघरातला दिवा लावून, हातात पाकीट आणि पेला घेऊन, नॅन्सी गोळी स्वतः तिच्या जिभेवर ठेवायची.

"गिळा. आता आ करा. जीभ वर. बरं."

"मी काय तुझ्या पहिलीच्या वर्गातली आहे?"

"त्यांना दोनदा सांगावं लागत नाही, मम्मी."

नॅन्सीचं चुकत नव्हतं. मे महिन्यात क्लाराने कुकर लावून ठेवला होता आणि वाडीत जाऊन बसली होती. शिट्ट्या मोजायला कुणी नव्हतं. भात जळाला, घर धुराने भरलं. त्यानंतर जॉयल ऑफिसमधून रोज दुपारी फोन करायचा, "मम्मी, गॅस बंद आहे ना?" आणि ती शेगडीजवळ जाऊन बघून यायची, कारण तिलाही आता स्वतःचा भरवसा वाटेनासा झाला होता.

म्हणून ती तोंड उघडायची. जीभ वर करायची. पण गोळी त्याआधीच गालात, मागच्या पडलेल्या दाढेच्या खळग्यात गेलेली असायची. पेल्यातलं पाणी ती ओठांना लावायची, इतकंच. फाटकाबाहेर पडली की गोळी रुमालात. मिस्सा झाली की रुमालातून परत तोंडात, चहाबरोबर. तोवर ती भिजून पिठूळ झालेली असायची. थोडी रुमालालाच राहायची. क्लारा रुमाल चाटायची नाही, पण एकदा तो विचार मनात आला होता, आणि तिला स्वतःची शिसारी आली होती.

सांगायचं तरी कुणाला? नॅन्सी म्हणाली असती, मम्मी, काहीतरीच तुमचं. जॉयल हसला असता, आणि ते हसणं तिला नको होतं.

*

२३.२

यावेळी कुणाचं मत लिहायची गरज नाही. सगळ्यांचं एकच झालं.

"डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं लागेल," जॉयल जेवताना म्हणाला. आईला नाही, ताटाला म्हणाला. "नॅन्सी स्वतःच्या हाताने देते. तरी आकडा वाढतो. म्हणजे नंतर जाऊन ओकून येते की काय कोण जाणे. तिला आठवतही नसेल."

"मी इथे बसलेय," क्लारा म्हणाली.

"माहीत आहे गं, मम्मी."

"मग माझ्याशी बोल."

"बोलून काय? तू म्हणणार, घेते. रिपोर्ट म्हणतो, नाही घेत. मी कुणाचं ऐकू?"

क्लाराने प्लासिडकडे पाहिलं. तो माशाचा काटा काढण्यात गढला होता. बावीस वर्षं ज्याने तिकिटं फाडून लोकांच्या हातात दिली, त्याच्या तोंडून एक शब्द फाटून येईना.

गोळी सव्वाशेची झाली. पाकीट जॉयलच्या कपाटात गेलं. गॅसजवळ एकटीने जायचं नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं ते कुणी बोललं नाही. मिस्साला तेवढी जात राहिली. तिथे तिला कुणी काही विचारत नव्हतं.

*

मग एका दुपारी वाडीत केळीच्या पाटात पाय गेला आणि घोट्याजवळ हाड तडकलं. प्लास्टर. मिस्सा बंद.

रविवारी चर्चच्या सिस्टर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन यायच्या. त्या दिवशी गोळी रुमालात. बाकीचे दिवस मात्र लपवायचं कारणच उरलं नाही. नॅन्सी पहाटे गोळी द्यायची, क्लारा ती चक्क गिळायची आणि परत झोपायची. चहा उशिरा, आठ वाजून गेल्यावर. कॅल्शियमची गोळी प्लासिड दुपारी जेवणानंतर आणून द्यायचा, त्याला तेव्हाच आठवायचं.

आधी बरं वाटलं. सूज उतरली. आवाज मोकळा झाला. कुकरची शिट्टी नॅन्सीच्या आधी तिला ऐकू यायला लागली. मग छातीत धडधड सुरू झाली. सुई ओवायला घेतली तर दोरा नुसता थरथरे. अंगाला घाम, झोप नाही, आणि राग असा की उशी फेकून मारावी.

०.०३

"आता हे काय!" जॉयल म्हणाला. "तेवीसवरून शून्यावर? डबल घेतलीस का?"

"कुठून घेऊ? तुझ्या कपाटातून?"

जॉयलने रिपोर्ट उलटा करून पाहिला. किती महिन्यांनी त्या घरात कुणाचं तरी उत्तर संपलं होतं आणि ते तिचं नव्हतं. पण आनंद व्हायला छाती शांत हवी.

दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली. ०.०२.

*

यावेळी क्लिनिकमध्ये चौघं होते. प्लासिडला खुर्ची मिळाली नाही, तो दाराशी टेकून उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले. चष्मा काढला. "गोळी एवढी वाढवली ती आकडा उतरत नव्हता म्हणून. आता ती जास्त होतेय. हृदयाला हे बरं नाही. पण अचानक लागू कशी पडली? मधे काही बदललं का? खाण्यात? दुसरं औषध?"

नॅन्सीने डोकं हलवलं. जॉयलने मोबाइल काढला.

"ती मिस्साला जात नाही सध्या," प्लासिड दारातून म्हणाला.

"पप्पा, त्याचा काय संबंध?"

"संबंध मला काय ठाऊक. त्यांनी विचारलं काय बदललं. हे बदललं." त्याने क्लाराकडे पाहिलं. "मिस्साच्या आधी ती काही घेत नाही. पाणीपण नाही. चाळीस वर्षं बघतोय."

डॉक्टरबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि यावेळी क्लाराकडेच बघून म्हणाल्या, "मग गोळी केव्हा घेत होतात?"

क्लाराने सांगितलं. गाल, रुमाल, चहा, पाव, कॅल्शियम. सगळं. सांगताना कान तापले. कन्फेशनला पापं सांगताना फादर आणि आपल्यामधे निदान जाळी असते.

नॅन्सीचा हात तोंडावर गेला. जॉयल हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं क्लाराला त्या क्षणी वाटलं.

"अहो, चहा आणि कॅल्शियम दोन्ही त्या गोळीला आत शिरू देत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तासभर तरी काही नको, आणि कॅल्शियम चार तासांनी. मी सांगितलं नव्हतं?"

"तुम्ही रिकाम्या पोटी म्हणालात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हो," त्या म्हणाल्या. "तेवढंच म्हणाले असेन." मग पेन उचललं. "पंचाहत्तरवर येऊ. दीड महिन्याने परत बघू. मिस्साआधी नको तर रात्री घ्या, जेवणानंतर तीन तासांनी."

"हा जॉयल कामावरून येतो तेव्हा दहाला जेवतो आम्ही," क्लारा म्हणाली. "त्यावर तीन तास म्हणजे बारा उलटले. बारानंतर उपास लागतो."

"मम्मी!" जॉयल म्हणाला.

"तू गप्प बस. आता त्या माझ्याशी बोलतायत."

*

प्लास्टर निघालं. घोटा जड होता, तरी ती एका संध्याकाळी प्लासिडच्या स्कूटरवर मागे बसून चर्चमध्ये गेली. फादर रिचर्ड बाहेर कुंड्यांना पाणी घालत होते. तरुण माणूस, बाही दुमडलेली.

"काकी! पाय काय म्हणतो?"

तिने पायाचं सांगितलं नाही. एका दमात जे विचारायचं ते विचारलं.

"औषधाने उपास मोडत नाही, काकी," फादर म्हणाले. "आजाऱ्याला तर नाहीच. आणि एरवीसुद्धा आता एकाच तासाचा उपास."

"आणि पाणी?"

"पाणी तर केव्हाच सुटलं. तुमच्या जन्माच्याही आधी."

"माझ्या जन्माच्या आधी?"

"हो. पोपनी तेव्हाच मोकळीक दिली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" फादर हसत होते. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पाइप खाली ठेवला.

पहिल्या कम्युनियनच्या, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या दिवशी क्लारा आठ वर्षांची होती. मुंबईहून आणलेला पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळीची ओढणी, हातात मेणबत्ती. चूळ भरताना घोटभर पाणी घशाखाली गेलं. तिने ते आपणहून आईला सांगितलं, खोटं बोलायचं नव्हतं म्हणून. आईने तिला रांगेतून हाताला धरून बाहेर काढलं. बाकीच्या मुली पुढे गेल्या. ती बाकावर बसून राहिली, मेणबत्ती विझवून. नंतर फोटो काढला त्यातही ती नाही. तिचं कम्युनियन पुढच्या वर्षी झालं, तेव्हा फ्रॉक आखूड झाला होता.

"काकी, बसा जरा."

"नको, फादर. आमचे हे स्कूटर चालू ठेवून उभे आहेत."

परतताना प्लासिडने दोनदा विचारलं, काय म्हणाले फादर? दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पुढे बघून चालवा."

*

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात दिवा लागला. नॅन्सी पाकीट आणि पेला घेऊन उभी होती. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. क्लिनिकमधून आल्यापासून तिला काहीतरी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं, म्हणून सवयीने तिने गोळी चिमटीत धरून पुढे केली.

क्लाराने तोंड उघडलं नाही. हात पुढे केला.

"इथे दे."

नॅन्सीने गोळी तिच्या तळहातावर ठेवली. मग पाकीटही ठेवलं, आणि पेला दिला.

क्लाराने गोळी जिभेवर घेतली आणि पाणी प्यायली. आधी घोट, मग सगळा पेला, उभ्याउभ्याच. हनुवटीवर ओघळ आला तो तिने पुसला नाही. मिस्साची घंटा व्हायला अजून वेळ होता. तिने रिकामा पेला सुनेपुढे धरला.

"अजून दे," ती म्हणाली.