बाराव्या खुर्चीपुढची परात

मित्रांनो, आधी रूपेशचं वागणं सांगते, माझं नंतर. चांगला शिकलेला माणूस. न्हावा शेव्याला एसी ऑफिसात बसतो, चर्चच्या समितीचा सेक्रेटरी आहे. आणि त्याने माझ्या पोटातून एक चिठ्ठी उचलली आणि गुपचूप खिशात घातली. माझ्या डोळ्यांदेखत! मला डोळे नाहीत म्हणून काय झालं? तेव्हापासून मला चैन नाही. वरून विमान गेलं तरी माझा काठ थरथरतो, आणि आता आमच्या पनवेलवरून विमानं जातच असतात.

मी परात आहे. जुनी आहे, पण जर्मनची नाही की स्टीलची नाही, अस्सल पितळ. कुठल्या तांबटाने मला ठोकली ते ठाऊक नाही, पण त्याच्या हातोड्याच्या खुणा पोटावर अजून आहेत. गुणाबाईच्या लग्नात तिच्या आईने मला दिली. पंचवीस वर्षं मी तिच्या घरात तांदळाच्या भाकरीचं पीठ मळवून घेतलं. तिचा हात जड, आणि बोलणं त्याहून जड. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली, पण तिच्यापुढे बोलताना फादरसुद्धा आधी घसा खाकरतात. रूपेश तिचाच मुलगा. तिच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर तिची जीभ मला लागली असेल, तर त्यात माझा दोष नाही.

मी चर्चमध्ये कशी आले ते ऐका. येशूने मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा माणसांना खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुतात. वीस वर्षांपूर्वी ऐन वेळेला चर्चचा प्लास्टिकचा टब तडकला. सगळ्यांत जवळचं घर गुणाबाईचं. कोणीतरी धावत आलं, "मावशी, काहीतरी द्या!" आणि तिने मला दिली. "माझी परात देवाने निवडली," असं ती अजून सांगते. मीही ऐकून फुगत होते.

दर वर्षी त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, ज्याला त्या खुर्चीवर बसायचं तो आपल्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकतो. फादर डोळे मिटून बारा चिठ्ठ्या काढतात आणि माझ्यात ठेवतात. माणसाची शिफारस नको, देवाने ज्याला बोलवलं तो बसेल, असं त्यामागे आहे. मग सेक्रेटरी नावं वाचून फळ्यावर लिहितो.

बोलावणं देवाचं खरं, पण माणसं काय करतात? खुर्चीवर बसायचं म्हणून पाय घरूनच धुऊन येतात! टाचांना वजरी घासतात. एका गृहस्थांनी तर पायांना पावडर लावली होती. त्यांच्यावर पाणी पडलं आणि माझ्यात सगळी पेस्ट झाली. वीस वर्षांत माझ्यात एकदाही मळकं पाणी साचलं नाही. धुवायला काही ठेवलंच नाही कोणी.

गुणाबाईने वीस वर्षं चिठ्ठी टाकली. एकदाही निघाली नाही. यंदा ती फुरंगटून म्हणाली, "नाय टाकायची मला. देवाला माझा पत्ता म्हाईत नाय काय?" आणि खरंच टाकली नाही.

यंदा टाकली ती चिंगीने. करंजाड्याच्या पलीकडे वीटभट्टीवर ती पायांनी चिखल तुडवते. गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. रविवारी मागच्या बाकावर बसते, चपला काढून पिशवीत ठेवते. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने चिठ्ठीवर अंगठा उठवला आणि खाली फादरनी नाव लिहिलं. शाई नव्हती. अंगठ्याला भट्टीची लाल माती होतीच, ती पुरली.

बारावी चिठ्ठी तिची निघाली. वेदीमागच्या खोलीत रूपेश एकटाच माझ्यावर वाकून वाचत होता. ती चिठ्ठी त्याने दोनदा उलटून पाहिली. मग घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली, आणि फळ्यावर बारावं नाव लिहिलं: गुणाबाई.

तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? वाजणं एवढंच मला येतं, आणि तेही कोणी आपटलं तर. बाहेर चिंगी फळ्यापुढे उभी होती. तिने रूपेशलाच विचारलं, "दादा, माजं नाव हाय का?"

"नाही गं. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी आमी कुटल्या भट्टीवर असू, कोन जाने." आणि पिशवीतल्या चपला काढून ती चालू लागली. हे मी दारातून ऐकलं, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

इकडे गुणाबाईचं काय विचारता! नाव आलं म्हणून तिने खांदा कॉलनीतल्या निम्म्या इमारती जागच्या हलवल्या. बहिणीला फोन, विहिणीला फोन. जांभळी साडी काढली. "मी टाकली नवती, रूपेशने टाकली माझ्या नावाची. पोर गुणाचं हाय." टाचा घासायला तिनेही वजरी आणली, लपवू कशाला.

बुधवारी तिने मला दर वर्षीसारखी घरी नेली. चिंच-मीठ लावून मला मोरीत ठेवली, आणि मी सुकते तोवर रूपेशचे शर्ट भिजवायला घेतले. पाण्यात टाकायच्या आधी खिसे तपासायची तिची सवय. चिठ्ठी हाती लागली. तिने आधी तो लाल अंगठा पाहिला. मग एकेक अक्षर लावून वाचलं: चिं. गी.

"रूपेश, इकडे ये. ही कुनाची?"

"अगं, राहिली असेल खिशात."

"बाकीच्या अकरा नाय र्‍हायल्या? हीच बरी र्‍हायली?"

रूपेश दारात उभा राहिला. मग एकदम बोलायला लागला. "आई, तुझ्यासाठी केलं. वीस वर्षं तू दर वेळी फळा बघून घरी येतेस आणि दोन दिवस जेवत नाहीस. मी लहानपणापासून हेच बघतोय. आणि आपल्या चर्चचं सगळं यूट्यूबवर लाईव्ह जातं. तिचे पाय बघितलेस? भेगांमध्ये माती. लोक काय म्हणतील?"

मला वाटलं, आता ही भांडी फेकणार. पहिल्यांदा मलाच उचलणार. पण तिने नुसते शर्ट बादलीत बुचकळले. रूपेश निघून गेल्यावर तिने मला खाली सपाट ठेवली आणि आपला उजवा पाय माझ्यात ठेवला. कोरडाच. कितीतरी वेळ ती तशी उभी होती. जांभळी साडी, बहिणीचा फोन, वीस वर्षं, सगळं त्या एका पायात होतं. मला त्याचं वजन कळत होतं. चिठ्ठी मोरीत सोडून दिली असती तर कोणाला कळणार होतं?

तेव्हा मला माझ्याच निवडीची खरी गोष्ट आठवली, आणि माझा ताठा उतरला. टब तडकला त्या दिवशी गुणाबाईच्या घरात तीन पराती होत्या. एकीत पापडाचं पीठ होतं, दुसरीत मासळीला मीठ लावलं होतं. मी रिकामी होते, म्हणून मला उचललं. एवढंच! माझ्या पितळेसाठी नव्हे, चकाकीसाठी नव्हे. माझ्यात दुसऱ्याचे पाय मावायला जागा होती, इतकंच बघितलं गेलं. देवाने निवडणं म्हणजे हेच असेल, तर मी वीस वर्षं उगाच फुगले.

गुणाबाईने पाय बाहेर काढला. चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली.

गुरुवारी संध्याकाळी खुर्च्या मांडल्या. अकरा जण बसले. गुणाबाई जांभळी साडी नेसून मधल्या वाटेने आली, सगळ्यांनी माना वळवल्या, आणि ती आपल्या खुर्चीपुढून वळून सरळ मागे चालत गेली. शेवटच्या बाकापाशी थांबली.

"चिंगे, ऊठ."

"का बाय? माजं काय चुकलं?"

"तुझं नाय चुकलं. तुझी चिठ्ठी निघाली हाय. ही बघ, तुझा अंगठा."

चिंगीने पाय बाकाखाली ओढून घेतले. "नाय बाय, आज सुट्टी नाय दिली, तशीच आली. माजे पाय बघ कसं हायत."

"धुवायलाच बसायचंय, लग्नाला नाय!" गुणाबाईने तिचा दंड धरला, बाराव्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः फादरच्या शेजारी टॉवेल घेऊन गुडघ्यावर बसली. तिचे गुडघे कटकन वाजले; मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

फादरनी पाणी ओतलं. मी वाट बघत होते. आधी काही नाही. मग भेगांतून माती सुटली आणि माझ्यात लाल पाणी उतरलं. पहिल्यांदा! चिंगी रडत होती आणि हसतही होती. गुणाबाईने एकेक बोट पुसलं, बाळाचं पुसावं तसं.

मित्रांनो, तुमच्या घरी, देवळात, चर्चमध्ये माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला घासा, पुसा, पण कपाटात मांडून ठेवू नका. ज्याला हाक आली त्याला कामाला लावा. आणि हाक कोणाला आली ते तुम्ही ठरवू नका.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर गुणाबाईने रूपेशला हाक मारली. मला त्याच्या हातात दिली आणि त्याला मागच्या आवारात जास्वंदीपाशी नेलं. लाल पाणी काठाशी हिंदकळत होतं. तो म्हणाला, "आई, मी फक्त तुला त्या खुर्चीत बघणार होतो."

"म्हाईत हाय मला. पण ऐक, रूपेश. देवाने हात घालून तिला उचलली, आणि तू त्याचा हात बाजूला केलास. आईसाठी केलंस म्हणून ते पुण्य होत नाय. उद्या फळ्यावरचं माझं नाव तू पुसशील, आणि तिच्या भट्टीवर जाऊन तिला तोंडाने सांगशील काय केलंस ते. आनि एक सांग मला. माझी चिठ्ठी वीस वर्षं निघाली नाय, तर तेवढी वर्षं मी चर्चमध्ये काय परक्याच्या घरी आल्यासारखी बसत होते?"