गुडघ्याचं निमित्त

सुनेच्या फोनवर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता. सुनेवर होता असंही नाही. पण सुनेला निदान समोर बसवून विचारता येतं.

दामिनी माझ्या ललितची बायको. पोटुशी होती, सहावा महिना सरत आला होता. पोरगी शिकलेली, कामाला मागे नाही. भाकरी माझ्यासारखी थापत नाही, पण खाता येते. ललित पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरीला. सकाळी डबा घेऊन मोटारसायकलवर जातो तो दिवस मावळायला येतो. गाव ज्यांना सुपडूभाऊ म्हणतं ते आमचे म्हातारे घरात असले तरी म्हशींजवळच असतात. म्हणजे दिवसभर घरात मी, ती आणि तो फोन.

एक दिवस ती गॅसपाशी उभी होती. कढईत भाजी. ओट्यावर फोन टुंग वाजला, आणि ही जागच्या जागी थबकली. हातात उलथणं, नजर भिंतीवर, ओठ जरासे हलताहेत. मग खांदे सैल सोडले. पुन्हा थबकली. भाजी तळाला लागली तरी हिला पत्ता नाही.

"काय व्हयनं वं?"

"काही नही, जिजी."

आमच्या घरात कोणी "काही नही" म्हटलं आणि खरंच काही नव्हतं, असं अजून झालेलं नाही. मी पाळत ठेवली. फोन सकाळी टुंग करायचा, दुपारी करायचा, संध्याकाळी करायचा. ही कपडे वाळत घालत असो की भांडी विसळत असो, टुंग झालं की खांब. रोज येणारा निरोप, तोही ठरल्या वेळी. माझ्या मनात नको नको ते आलं. पण निरोप वाचून माणूस लाजतं तरी, नाहीतर रडतं. ही नुसती उभी राहायची.

कानबाई तोंडावर आली होती. आमच्या भाऊबंदकीची कानबाई आमच्याच घरी बसते, श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला डोळे, नथ, लुगडं करून देवी सजवायची, रात्र जागवायची, रोटांचा नैवेद्य दाखवायचा, आणि सोमवारी सकाळी पाटावर बसवून, डोक्यावर घेऊन नदीला पोचवायची. त्या रोटांचे गहू आम्ही दोघी निवडत बसलो होतो. फोन टुंग वाजला. तिचा हात सुपात होता, म्हणून आवाज बंद करायचा राहिला, आणि फोनमधून एक बाई बोलली. आवाज असा गोड की मला लगेच संशय आला.

"आवळा... धरून ठेवा... श्वास कोंडू नका... आता हळूच सोडा."

दामिनी सुपासमोर खांब झाली.

या घरात हुकूम मी सोडते. ही कोण नवी सासू? आणि आवळा म्हणजे काय आवळा? गळा? मागे गावात एका घरची सून फोनवरच्या कुठल्याशा बुवाच्या नादी लागली, कांदा-लसूण सोडला, मग नवऱ्याशी बोलणं सोडलं. मला तेच आठवलं.

संध्याकाळी ललितला गाठलं. "तुन्ही बायको फोनवर कोना हुकूम ऐकस रे?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "माय, तिलेच इचार ना," म्हणाला आणि चहा न घेता म्हशींकडे गेला. जन्मात कधी शेण न काढलेला माणूस फावडं शोधायला लागला. म्हणजे तोही सामील.

दुसऱ्या दिवशी मी फोनच हातात घेतला आणि उंबऱ्यात बसले. "आते सांग. खरं सांगशी तरच हाई भेटी."

दामिनी माझ्याजवळ टेकली. आवाज खाली करून म्हणाली, "जिजी, व्यायाम शे तो. खालच्या अंगाचा. बाळाचा सगळा भार ज्या स्नायूंवर येस, ते बळकट ठेवाना. लघवी धरतस ना, तसं आवळानं, थोडं धरानं, मंग सोडानं. शहाद्याच्या दवाखान्यात अलमास सिस्टरनी शिकाडं. ॲप फक्त आठवण करी देस."

"धरानं? दार आवळी-आवळी बठशी त मन्हा नातू कठून ई?"

ती हसली. "सोडाले बी तेच शिकाडस, जिजी. ज्याले आवळता येस, त्याले सैल सोडता येस."

"आम्ही काय फोनवर पाहून पोरं काढेल शेतस? माले ललित व्हयना तवय कोनता फोन होता?"

"नव्हता," ती म्हणाली. एवढंच. पण असं म्हणाली की मला ते खटकलं.

मी फोन उचलला, आतल्या खोलीत नेला आणि गव्हाच्या कोठीत खुपसला. नातू सुखरूप हातात आला की देईन म्हटलं. दुपारी कोठीच्या पोटातून टुंग ऐकू आलं, आणि माझी सून ताटं पुसता पुसता खांब झाली. फोन नसला तरी हिचं चालूच. माझं डोकं भणाणलं. नेमकी मिरची कांडत होते, खकाणा उडाला आणि मला शिंक आली. मी खलबत्ता टाकून दाराची चौकट धरली.

दामिनीनं वर न बघता हळूच म्हटलं, "जिजी, शिंक येवाना आगोदर आवळानं. तुम्ही शिंकल्यावर पाय जुळावतस. मंग उशीर व्हई जास."

मी धरलेली चौकट सोडली नाही.

हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. ललित झाला आणि बारा दिवसांच्या आत मी डोक्यावर पाणी आणत होते. तेव्हापासून खोकले की थेंब, शिंकले की थेंब. पुढे पुढे खाली काहीतरी उतरल्यासारखं, ओझं लोंबल्यासारखं वाटायला लागलं. जुन्या लुगड्याच्या घड्या मी परकराखाली वाळवते, कोणाची नजर जाऊ नये म्हणून. गाव म्हणतं, कमलबाई फार कडक, कधी हसत नाही. मी तिखट बोलते, बाकीच्या पोट धरून हसतात, मी दगडासारखी बसून असते. कडक कसली? हसले की भिजते.

आणि डोळ्यासमोर यायची ती आमची जुनी म्हैस. गुणाची होती, दूध भरून द्यायची. एका वेतात तिनं मायांग, म्हणजे आतली पिशवीच, बाहेर टाकलं. म्हाताऱ्यांनी मागचे पाय उंचावर येतील असा गोठा भरला, दोरी बांधली, डॉक्टर आणला. पुढच्या वेताला पुन्हा तेच. मग बाजार दाखवला. म्हाताऱ्यांना ती ठेवायची होती. विकू या म्हणाले ती मी. अशी जनावरं घरात ठेवत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.

"कोनले सांगं तू?" मी दामिनीला विचारलं.

"कोनलेच नही."

"ललितले?"

"त्यासलेबी नही."

"त्या फोनमधली बाईले? मन्हं नाव टाकेल शे का तिमा?"

"जिजी, ती बाई काही ऐकत नही. ती फक्त बोलस."

माझा विश्वास बसला नाही. नुसतं बोलणारी आणि काही न ऐकणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

त्यातून मी सकाळीच एक गोष्ट टिपली होती. नळावर दामिनी आणि ममता डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. ममता म्हणजे आमच्या भाऊबंदातल्या फुलवंताबाईची सून, तिचं पोर आता अंगणात पळतं. आणि फुलवंताबाई म्हणजे कानबाई डोक्यावर घ्यायला टपलेली बाई. दर वर्षी पाट उचलायच्या वेळी पुढे येते आणि मधाळ आवाजात म्हणते, "थकनी व्हशी कमल, लेऊ का मी?" मी कधी दिला नाही. माझ्या सासूनं तो पाट माझ्या डोक्यावर दिला आहे. गेल्या वर्षी मारुतीच्या देवळापाशी उदाचा धूर नाकात गेला, खोकला आला आणि लुगडं भिजलं. डोक्यावर देवी, आणि मी अशी. शेजारणीच्या हातातल्या तांब्याला कोपर मारून पाणी अंगावर सांडवून घेतलं, म्हणून निभावलं. तेव्हाही फुलवंताबाई माझ्याकडेच बघत होती.

आता सगळं जुळलं. सुनेनं पाहिलं, ममताला सांगितलं, ममतानं सासूला. या वर्षी पाट जाणार.

म्हणून मी ठरवलं की त्यांना निमित्तच द्यायचं नाही, आपणही आवळायला शिकायचं. दामिनी अंघोळीला गेली तशी आतल्या खोलीत शिरले, दार लोटलं, कोठीतून फोन काढला. बोट कुठं लावायचं ते पाहून ठेवलं होतं. गहू झटकले, बोट लावलं, आणि डोळे मिटून उभी राहिले. गोड बाई आनंदानं म्हणाली:

"अभिनंदन! तुमचं बाळ आता नारळाएवढं झालं आहे."

या वयात! आणि तेही नारळाएवढं! म्हणजे कानबाई माझ्या पोटातच बसली की काय? मला हसू आलं. दाबलं, तसं जास्त आलं. मी कोठीला धरून हसले, आणि जे व्हायचं ते झालंच.

"जिजी?" दाराबाहेरून दामिनी. "तुम्ही हसी ऱ्हायन्या?"

"खोकला शे."

ती आत आली नाही. दाराकडे पाठ करून बाहेरच बसली असावी, बांगड्या वाजल्या. म्हणाली, "पोट खाले लोटू नका. वर वढानं, पाळण्यातलं पोर उचलतस ना, तसं. आनी श्वास कोंडू नका."

मी श्वास कोंडूनच उभी होते. पोटही खालीच लोटत होते, जड घमेलं उचलताना लोटते तसं. भिंतीपलीकडून हिला कसं दिसलं?

"सोमवारपावत व्हई का?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

"नही, जिजी. महिने लागतस. आनी तुम्हनं आधी सिस्टरले दाखाडनं पडी. खाले उतरेल व्हई त नुसता व्यायाम पुरत नही. तवलोंग डोकावर वजन घेऊ नका."

"कानबाईले वजन म्हनस तू?"

मी फोन दाराच्या फटीतून बाहेर सरकवला. पण पाट देणार नव्हते.

सोमवारी सकाळी अंगणात डफ वाजायला लागला. कानबाई नथ घालून पाटावर बसलेली. मी घडी दुहेरी करून ठेवली होती. भाऊबंदकीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. मी खाली वाकले, पाटाला हात घातला, आणि उचलायच्या आधीच खालचं ओझं असं उतरलं की माझे हात थांबले. नदी लांब होती. वाटेत मारुतीचं देऊळ होतं, उदाचा धूर होता. मी पाट होता तिथंच राहू दिला.

डफ थांबला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दामिनी एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

"गुडघा धरना," मी म्हणाले. मग फुलवंताबाईकडे पाहिलं. घे बाई, हेच हवं होतं ना तुला! "तू ले."

फुलवंताबाईचा चेहरा उतरला. "मी? नही वं माय. मन्हा बी गुडघा..."

गुडघा? कालच ही बाई शहाद्याच्या जीपमागे पदर खोचून पळत होती. मी पलीकडच्या जावेकडे पाहिलं. "मन्हा त दोन्ही गुडघा," ती घाईनं म्हणाली. तिच्या मागची आधीच गुडघा चोळायला लागली होती. ज्या बाया फुगडी सोडून खांबाला टेकून बसतात, ज्या हसू आलं की पदर तोंडात कोंबतात, त्या सगळ्या. एका भाऊबंदकीतल्या सगळ्या बायांचे गुडघे एकाच सकाळी जातात कसे?

मी फुलवंताबाईला जवळ ओढलं. तिच्या कानात म्हटलं, "खरं सांग. गुडघा, का खोकला उना की व्हस ते?"

तिनं माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. "तुले बी?" ती म्हणाली. "आनी मी म्हनू, हाई कमल काय दगडनी शे! दर वर्षी पाट लेस आनी सरळ चालस. तुले एकदा इचारसू म्हनू, पन तुन्ही जीभ..."

माझ्या जिभेबद्दल ती आणखी बरंच बोलली असती. मी वळून मोठ्यानं सांगितलं, "ममता उचली. यंदापासून तरण्या सुना उचलतीन. मी सांगस म्हनून."

ममतानं पाटाला हात लावला, आधी तोंडानं श्वास सोडला, मग उचललं. हे मी पाहिलं. कानबाई डोलत दाराबाहेर पडली. माझी सासू बघत असेल तर तिला काय वाटलं असेल, ते तिचं तिला.

आम्ही म्हाताऱ्या मागून चाललो. पुढे पोरी फुगड्या खेळत होत्या. मारुतीच्या देवळापाशी दामिनीच्या कमरेला फोन टुंग वाजला. मी आवळलं. वर ओढलं, श्वास सोडत. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर शेजारी फुलवंताबाई खांब झालेली. नजर समोर, ओठ जरासे हलताहेत.

"तुले कोनी शिकाडं?"

"काय? काही नही," ती म्हणाली.

नळावर दोघी सुना काय कुजबुजत होत्या ते मला तिथं कळलं. माझं गुपित ममताकडे गेलं नव्हतं. फुलवंताबाईचं दामिनीकडे आलं होतं. आणि माझ्या सुनेनं ते मला सांगितलं नाही! म्हणजे माझंही तिनं कोणाला सांगितलं नसेल. नसेल बहुतेक. घरी गेल्यावर पुन्हा एकदा विचारीन.

उद्या शहाद्याला अलमास सिस्टरकडे जायचं आहे. दामिनी सोबत येणार आहे, आणि फुलवंताबाईही म्हणते मी येते. येऊ दे. पण जीपमध्ये तिला माझ्या शेजारी बसू देणार नाही. ती बाई फार हसवते.