फडक्यावरचं काळं तेल

मी एक पट्टी बोलतेय. पोलादाची, दोन विती लांब, वरच्या टोकाला बोट अडकवायला कडी आणि खालच्या टोकाला दोन खाचा. गॅरेजवाले मला डिपस्टिक म्हणतात. इंजिनाच्या पोटात तेल किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. तेल कसं आहे ते मला कोणी विचारत नसे. पण ज्याच्या पोटात जन्म काढला, त्याची दुखणीखुपणी कळतातच की!

माझं इंजिन एका लाँचचं होतं. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, भाजीच्या टोपल्या आणि कधी एखादा आजारी माणूस न्यायचा, हा तिचा धंदा. लाँच चालवायचे बाबा. बाबा एकाच पोरीचे, पण साऱ्या काठाचे झाले होते. पांढऱ्या केसांचे प्रवासीसुद्धा त्यांना बाबाच म्हणत. तिकिटं फाडायची त्यांची थोरली बहीण. तिला सगळे आत्या म्हणत आणि सगळे भीत.

रोज सकाळी बाबा मला बाहेर ओढत, फडक्याने पुसत, पुन्हा आत घालत आणि पुन्हा काढत. मग माझ्या टोकावरचं तेल दोन बोटांत चोळून नाकाशी नेत. "झकास!" म्हणत. त्यांचा नियम सोपा होता. महिना उजाडला की तेल बदलायचं, आणि घालायचं ते दुकानातलं सगळ्यात जाड. जाड तेल म्हणजे इंजिनाच्या अंगावर मांस, असं त्यांचं मत होतं. थंडीच्या सकाळी ते जाड तेल वरपर्यंत पोचेस्तोवर इंजिनाचा जीव मेटाकुटीला येई, हे त्यांना कोण सांगणार? मी तर मुकी.

सांगितलं त्यांच्या लेकीने. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून बाबा तिला ठमी म्हणत. ठमी यंत्रांचं शिकली, दूरच्या शहरात तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली आणि पहिल्याच सुट्टीत एक छोटी बाटली घेऊन लाँचवर आली.

"बाबा, तेल बदलू नका. आधी नमुना घेऊ."

"अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे बघ, चोळून बघ."

"बोटांना काळं कळतं. त्या काळ्यात लोखंड किती, तांबं किती, ते नाही कळत."

"तुझ्या बापाच्या बोटांनी तुला वाढवलंय, ठमे."

"म्हणून तर ती बोटं जपायचीयत," ती म्हणाली आणि मला बाहेर काढून माझ्या जागी तिने एक बारीक नळी सोडली. इंजिन चांगलं गरम होतं. हातपंपाने तिने बाटलीभर तेल ओढलं. जाताना बाबांना तिने एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली. पुढच्या वेळेपासून नमुना तुम्हीच पाठवायचा, आणि तेल जसं असेल तसंच पाठवायचं. आधी ताजं ओतायचं नाही, कशानेही पातळ करायचं नाही. एका नमुन्यापेक्षा एकामागून एक आलेले नमुने जास्त बोलतात.

रिपोर्ट आला. बाबा फेकून देत होते ते तेल अजून धडधाकट होतं, आणि जाड तेलामुळे बेअरिंगं मात्र झिजत होती. ठमीने पातळ तेल सुचवलं आणि बदलायची मुदत जवळजवळ दुप्पट केली. बाबा आठवडाभर घुश्श्यात होते. "नव्याचे नऊ दिवस!" म्हणत त्यांनी ते तेल ओतलं. पण पुढच्या नमुन्यात झीज कमी झाली, त्याच्या पुढच्या नमुन्यात आणखी कमी. थंडीतसुद्धा मला आत मऊ, पटकन पसरणारं तेल लागू लागलं. इंजिन कण्हायचं थांबलं. मग काय विचारता! बाबा चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला गाठून सांगायचे, "आमची ठमी थेंब बघून इंजिनाची कुंडली मांडते!" आत्या म्हणायची, "लोकांना पलीकडे जायचंय रे, त्यांना उतरू तरी दे."

ठमीने बाबांनाही सोडलं नाही. त्यांना साखरेचा त्रास निघाला होता. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं आणि तिला फोनवर कळवायचं, असं ठरलं. बाबा चहात चमचा उभा राहील इतकी साखर घालणारा माणूस. पण तपासणी जवळ आली की दोन दिवस फिका चहा आणि रात्रीचं जेवण बंद.

"दोन दिवसांचा संन्यासी!" आत्या करवादायची. "डॉक्टर ती तीन महिन्यांचं सगळं सांगणारी तपासणी कर म्हणतोय, ती का नाही करत? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हो."

"अगं ताई, रिपोर्ट चांगला आला की पोरगी फोनवर कशी हसते, ऐकलंयस ना तू?"

आत्याने पुन्हा तिकिटं मोजायला घेतली. ते हसू तिलाही हवंच होतं.

वर्षं गेली. माणूस म्हातारा होतो तसं इंजिनही होतं. एका नमुन्यात बेअरिंगचा धातू थोडा वाढलेला दिसला. ठमी रजा टाकून धावत आली. इंजिनाशेजारी बसून कान देऊन ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "पुढचा नमुना बघून इंजिन उघडायचं का ते ठरवू," एवढं म्हणून ती परत गेली. बाबा तिला निरोप देऊन आले आणि बराच वेळ मला हातात धरून बसले. मला पुसलंही नाही.

पुढचा नमुना पाठवायची वेळ आली तेव्हा बाबांनी आधी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट सैल केला. अर्धं जुनं तेल बादलीत काढलं, तेवढंच ताजं ओतलं, इंजिन थोडं फिरवलं आणि मग बाटली भरली.

"हे काय करतोयस?" आत्याने विचारलं.

"पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडतो ना आपण? तसंच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

अर्ध्या नव्या तेलात झिजलेल्या धातूचं प्रमाणही अर्धंच दिसणार. रिपोर्ट छान आला. फोनवर ठमी खळखळून हसली. "बाबा, घाबरायचं कारण नाही. हेच तेल अजून चालेल." आणि इथेच माझं काळीज फाटतं. तिने सांगितल्यावर बाबांना ते खरंच वाटलं! नमुना आपणच पातळ करून पाठवला होता, हे तो भला माणूस विसरून गेला. ठमी म्हणतेय म्हणजे इंजिन ठणठणीत. तसंच डॉक्टरांच्या कागदाचं. कागद चांगला म्हणजे आपणही चांगले. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती भरत नव्हती. बाबा तिच्यावर चिंधी बांधून मोजा चढवत.

दर वेळी तेच होत राहिलं. वर ताजं तेल, खाली झिजणारं बेअरिंग. मला आत बारीक चकाकणारे कण लागायचे. बाबा मला बाहेर काढून पुसत, पण त्यांची नजर आता अधू झाली होती. फडक्यावरचं काळं त्यांना दिसे, त्यातली चमक दिसत नसे.

एका दुपारी भर नदीत इंजिनातून ठोके आले आणि ते जागच्या जागी आवळून बसलं. लाँच वाहायला लागली. मासेमारांच्या होडीने दोर टाकून ओढून आणली, माणसं सुखरूप उतरली. इंजिन मात्र संपलं.

ठमी आली. तिने चेंबर उघडून तेल परातीत काढलं. उन्हात ते चांदीचा चुरा टाकल्यासारखं चमकत होतं. ती परातीशेजारीच खाली बसली.

"मीच म्हटलं होतं, अजून चालेल म्हणून. बाबा, तुमचं इंजिन मी मारलं."

बाबा खांबाला धरून उभे होते.

"नाही गं ठमे. मी ताजं ओतत होतो, बाटली भरायच्या आधी."

"का?"

"तुझा चेहरा बघवत नव्हता."

ती ओरडली नाही. मग तिची नजर खाली त्यांच्या ओल्या मोज्यावर गेली. तिने जवळ जाऊन मोजा उतरवला. चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता.

"आणि रक्ताचे रिपोर्ट?" तिने अगदी हळू विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. आत्याने पदर तोंडात कोंबला.

फार उशीर झाला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग विष अंगभर पसरलं आणि बाबा गेले. शेवटी शेवटी ठमी त्यांचा हात धरून सारखं एकच म्हणायची, "मी रडले असते बाबा, पण मला कळलं तरी असतं."

लाँच भंगारात गेली. इंजिन न्यायला माणसं आली तेव्हा ठमीने मला तेवढं ओढून घेतलं. आता मी तिच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. खाली बाटल्या येतात, गावोगावच्या इंजिनांच्या. कोणी फोनवर "तेल फारच घाण झालंय हो, बदलून पाठवू का?" असं विचारलं की ठमी हातातली बाटली खाली ठेवते. "नको. आहे तसंच पाठवा," एवढंच ती म्हणते.

माणसांनो, मीही तेवढंच मागते. ज्याला तुमची काळजी आहे त्याच्यापुढे काळं तेल काळंच ठेवा. त्याचा चेहरा पडेल, पडू द्या.

कधीकधी काम संपल्यावर ठमी मला खिळ्यावरून काढते आणि बाबा पुसायचे तशी फडक्याने पुसते. मग फडकं उलटून बघते. त्यावर काही नसतं. ते स्वच्छ फडकं डोळ्यांना लावून ती रडते.